तेलाचं बोट

आमच्या एक नंबरच्या मशीनखालचा ट्रे आता कोरडा असतो. ऑडिटवाले आले, पाहुणे आले, कॉलेजची मुलं प्लांट बघायला आली, तरी मी त्यांना आधी तिथे नेते आणि म्हणते, "वाका आणि बघा." लोक वाकतात. पत्र्याच्या रिकाम्या ट्रेत बघण्यासारखं काय आहे, ते त्यांना कळत नाही. मग मी सगळं रंगवून सांगायला लागते आणि आमच्या सेक्शनची माणसं तोंड फिरवून हसतात, कारण सांगताना एक भाग मी दर वेळी गाळते. आज तोच भाग लिहायला बसले आहे, पण त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

आमचा प्लांट चाकणला. हवेतून ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळे काढायचे आणि नायट्रोजन पाइपातून आसपासच्या कारखान्यांना पुरवायचा, हा आमचा धंदा. तो पुढे ढकलायला तीन मोठे कॉम्प्रेसर आहेत. माझं माहेर मोशीचं, घर आता रावेतला, पण जागेपणीचे तास मोजले तर मी सगळ्यात जास्त या तीन मशीनांच्या संगतीत राहिले आहे. आयटीआय करून फिटर म्हणून लागले, तेव्हा स्टोअरवाल्याने पाना देण्याआधी मला विचारलं होतं, "कोणाला पाहिजे?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता फिरत्या मशीनांचा सेक्शन माझ्याकडे आहे. सेक्शन म्हणजे मी धरून सात जण आणि हत्यारांची दोन कपाटं.

मशीनच्या पोटात शाफ्ट असतो, म्हणजे पोलादी दांडा, आणि तो भयंकर वेगाने फिरतो. तो ज्यावर टेकून फिरतो ते बेअरिंग. तो जिथून पोटाबाहेर येतो तिथे फट राहते, आणि त्या फटीतून गॅस सुटू नये म्हणून जे बसवतात ते सील. एवढं कळलं की माझी गोष्ट कळायला अडचण नाही.

एक नंबरचं मशीन कंपनीने फार पूर्वी एका खत कारखान्याकडून वापरलेलं घेतलं होतं. त्याचं सील जुन्या पद्धतीचं, तेलाचं होतं. त्या फटीत तेल दाबून भरायचं, की गॅस बाहेर येत नाही. गॅस थांबायचा, पण तेल काही थांबायचं नाही. बाहेर गळायचं ते ट्रेत पडायचं आणि दर शिफ्टला आम्ही ट्रे उपसायचो. आत झिरपायचं ते गॅसबरोबर गिऱ्हाइकाकडे निघून जायचं. पलीकडच्या रस्त्यावर एक कारखाना आमच्या नायट्रोजनमध्ये गिअरची चाकं भट्टीत तापवतो. त्यांच्या चाकांवर तपकिरी डाग पडायला लागले. त्यांनी आधी फोटो पाठवले, मग डाग पडलेलं एक चाकच खोक्यात घालून पाठवून दिलं. ते बरेच दिवस साहेबांच्या टेबलावर, गणपतीच्या शेजारी पडून होतं.

हे मशीन मला शिकवलं आमच्या मिस्त्रींनी. मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला काळेवाडीत, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. ते बोलायचे कमी आणि ओरडायचे जास्त. माझा स्वभाव त्यांच्यामुळे बिघडला असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. त्यांनी सेक्शनला एक रीत लावून दिली होती. उघडलेलं मशीन बंद करण्याआधी प्रत्येकाने ताज्या तेलात उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवायचं, ते आधी बेअरिंगला लावायचं आणि मग डावीकडे सीलच्या भोकातून फिरवायचं. त्याच भोकावर पुढे तेलाचा पाइप जोडला जायचा. सगळ्यात धाकट्याने आधी, सगळ्यात मोठ्याने शेवटी. याला आम्ही 'बोट लावणं' म्हणायचो. त्यात तथ्यही होतं. मशीन सुरू होताना कोरड्या धातूवर धातू घासू नये म्हणून तेलाचा हात लागतोच. पण मिस्त्रींना कारण विचारलं की ते म्हणायचे, "काम कोणी कोणी केलंय ते मशीनला कळायला नको काय गो?"

तर शेवटी कंपनीने ठरवलं की एक नंबरचं बेअरिंग आणि सील दोन्ही नव्या पद्धतीचं बसवायचं. नव्या बेअरिंगमध्ये एका अखंड कड्याऐवजी पाच सुट्या गाद्या असतात. शाफ्ट जरा हलला की त्या आपापल्या परीने कलतात आणि त्याला सांभाळून घेतात. नवं सील मात्र आमच्या सगळ्या शिक्षणाच्या उलट. त्यात तेल नाहीच. दोन गुळगुळीत चकत्या समोरासमोर, एक फिरणारी आणि एक जागेवर बसलेली. फिरणारीवर बारीक खाचा असतात. शाफ्ट फिरला की त्या खाचा स्वच्छ गॅस मध्ये ओढतात आणि त्या गॅसच्या थरावर दोन्ही चकत्या एकमेकींना न शिवता राहतात. मधलं अंतर केसाच्या जाडीचे पंधरा-वीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं. तिथे तेल शिरलं की चकत्या चिकटतात, तापतात आणि सीलचं वाटोळं होतं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले की हे काम बाहेरच्या कंपनीला देऊ. मी कोपऱ्यात बसले होते आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. तरी बोलून गेले, "आम्ही करू."

"ताई, हे तेलाचं सील नाही," साहेब म्हणाले.

"म्हणूनच करू. तेलाचं तर आम्ही झोपेत बसवतो."

साहेब माणूस वाईट नाही, पण वरच्यांना उत्तर त्यांना द्यावं लागतं. ते थोडा वेळ पेनाशी खेळले. मग म्हणाले, "ठीक आहे. दोन महिन्यांनी एका सोमवारपासून पाच दिवसांचं शटडाउन मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी सहाला लाइनमध्ये गॅस पाहिजे, कारण त्या लाइनवरच्या कारखान्यांचा साठा तेवढाच पुरतो. जमलं तर दोन आणि तीन नंबरही तुमचेच. नाही जमलं तर तिन्ही मशीनं बाहेर जातील. मग एवढा सेक्शन ठेवून काय करायचं? तुमच्या माणसांना सिलिंडर भरायला पाठवावं लागेल."

मी मान डोलावली आणि ताठ चालत बाहेर आले. जिन्यात आल्यावर मात्र आपण काय बोलून आलो ते ध्यानात आलं. सहा माणसं. प्रत्येकाने वर्षानुवर्षं हात घासून हे काम शिकलेलं, आणि त्यांना न विचारता मी सगळ्यांना पणाला लावून आले होते. सिलिंडर भरणं हलकं काम नाही, पण माझ्या माणसांचं ते काम नव्हतं. मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की मी जे करते तेच केलं. खाली जाऊन सगळ्यांवर ओरडले आणि ओरडतच बातमी सांगितली.

लातूरकडचा आमचा फिटर सगळ्यात बोलका. तो म्हणाला, "ताई, होय म्हणून आलाव नव्हं? मग ओरडताव कामून?"

सील बनवणाऱ्यांच्या वर्कशॉपात जाऊन आम्ही सातही जण आळीपाळीने शिकून आलो. मग एका रविवारी मी काळेवाडीला मिस्त्रींकडे गेले. त्यांच्या कानावर घातल्याशिवाय त्यांच्या मशीनला हात लावायची माझी छाती नव्हती. त्यांनी चष्मा लावून नव्या सीलचा नकाशा पाहिला, उलटा करून पाहिला.

"तेल खंय येतं?"

"येतच नाही."

"येतच नाही म्हणजे?"

"तेल लागतच नाही, मिस्त्री. लागलं तर बिघडतं."

त्यांनी नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "आणि बोट?" मी सांगितलं की बेअरिंगला लावू, सीलला नाही. "बघ हो," ते म्हणाले, "डोक्याला सांगशील, पण हाताला कोण सांगणार?" मला ते म्हाताऱ्याचं कुरकुरणं वाटलं. चहा पिऊन मी उठले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी सेक्शनचं जगणं हराम केलं. मशीनभोवती प्लॅस्टिकचा तंबू उभारला. भिंतीवर लाल अक्षरात लिहून घेतलं, 'तेलाचा हात आत आणू नये.' नखं तपासली. कँटीनचा वडापाव खाऊन आलेल्याला दोनदा साबणाने हात धुवायला लावले. एवढंच नाही, शटडाउनच्या आठवड्यात डोक्याला तेल लावायचं नाही असाही हुकूम काढला. लातूरच्या फिटरचे केस त्यामुळे काट्यासारखे उभे राहिले. "बायको विचारायली, कुणी गेलं का," तो म्हणाला. मोशीचा आमचा फिटर माझ्याच गावचा, जुन्या शेतकरी घरातला, मितभाषी. त्याच्या मनगटावर एकदा ग्रीसचा ठिपका दिसला, तर मी भर सेक्शनमध्ये म्हणाले, "पुन्हा दिसला तर हात तोडीन." तो म्हणाला, "बरं." आणि हात धुऊन आला.

सोमवारी मशीन उघडलं. जुनं सील निघालं तेव्हा त्याच्या मागून तेलाची एवढी धार लागली की ट्रे काठोकाठ भरला. जुन्या बेअरिंगच्या आतला मऊ धातू एका बाजूने पार झिजला होता. मंगळवारी नव्या गाद्या शाफ्टवर बसतात का ते निळा रंग लावून पाहिलं. शाफ्टला रंग लावायचा, गादी टेकवायची, उचलून रंगाचा ठसा बघायचा. पाचही गाद्यांवर ठसा भरगच्च उमटला तेव्हा मला मोठ्याने शीळ घालावीशी वाटली, आणि मी घातली. बुधवारी एका टोकाचं सील बसलं. गुरुवारी सकाळी दुसऱ्या टोकाचं. त्याच्यापुढे बेअरिंग बसलं. बारा वाजले नव्हते आणि आम्ही वेळेच्या अर्धा दिवस पुढे होतो. माझ्या अंगात वारं शिरलं होतं.

मग बोट लावायची वेळ आली. ठरल्याप्रमाणे फक्त बेअरिंगला, त्याला तर तेल हवंच होतं. धाकट्यापासून सुरुवात झाली. प्रत्येकाने वाटीत बोट बुडवलं, बेअरिंगला लावलं, चिंधीला पुसलं आणि बाजूला झाला. तोवर सीलच्या भोकावर धूळ शिरू नये म्हणून लावलेली लाल टोपी काढून ठेवली होती, कारण आता तिथे स्वच्छ गॅसचा पाइप जोडायचा होता. ते भोक थेट चकत्यांकडे जातं. सगळे जण पाइप उचलायला पलीकडे गेले. शेवटी मी. मी बोट बुडवलं, बेअरिंगला लावलं, मनात मिस्त्रींची आठवण काढली, चिंधीला पुसलं आणि हाक दिली, "घ्या, जोडा पाइप."

पाइप जोडला गेला. मी जेवायला गेले. डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या बोटाकडे लक्ष गेलं. नखाच्या कडेला तेल चकाकत होतं. ते पाहताना मला अचानक सगळं दिसलं. बेअरिंगला लावल्यावर माझा हात लगेच मागे आला नव्हता. तो डावीकडे गेला होता. बोट भोकात शिरलं होतं, एक गोल फिरलं होतं आणि बाहेर आलं होतं. इतक्या वर्षांत जसं करत आले तसंच. मी तेव्हा मिस्त्रींचा विचार करत होते आणि हात त्याचं त्याचं काम करत होता.

तुकडा हातातच राहिला. पहिल्यांदा वाटलं, छे, भास आहे. मग बोट पुन्हा पाहिलं. त्याच्या पेरावर सीलच्या भोकाच्या आट्यांचा गोल वळ उमटला होता.

कोणी पाहिलं नव्हतं. हे मी आधी लिहिते, कारण माझ्या मनातही तेच आधी आलं. तेलाचा हात तो केवढा? कदाचित भोकाच्या तोंडाशीच राहिला असेल. गॅस सोडला की उडूनही जाईल. तीन वाजता गॅस सोडायचा होता. पुन्हा उघडायचं तर आधी पाइप, मग बेअरिंग, मग सील, सगळं उलट क्रमाने काढावं लागणार. अर्ध्या दिवसाची जी कमाई केली होती ती जाणार आणि वर आणखी अर्धा दिवस जाणार. शुक्रवारचे सहा चुकले तर सहा माणसं सिलिंडरवर. आणि हे सगळं कोणामुळे, तर जिने भिंतीवर लाल अक्षरात पाटी लावली तिच्यामुळे. मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. पण सील जर चालू मशीनमध्ये बिघडलं असतं, तर माझ्या माणसांना सांगितलं गेलं असतं की तुम्हाला बसवता आलं नाही. त्यांनी तर अगदी बरोबर बसवलं होतं. ते मला सहन झालं नसतं. डबा तसाच टाकून मी उठले.

सगळे तंबूजवळ खाली बसून जेवत होते. मी म्हणाले, "पाइप काढा. मी सीलला बोट लावलंय."

कोणाला काही कळेना. मोशीचा फिटर म्हणाला, "कुणी?"

"मी."

"तेलाचं?"

"मग काय लोण्याचं?" मी ओरडले. चूक माझी आणि ओरडतेही मीच.

"व्हय?" तो म्हणाला आणि हातातल्या चपातीकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं तो रडतोय. तो हसत होता. मग बाकीचेही फुटले. लातूरचा फिटर डोळे पुसत उठला आणि त्याने कपाटातून करवत आणून माझ्यापुढे धरली.

"ताई, हात तुमीच तोडून घेताव का आमी तोडावं?"

मीही हसले आणि हसता हसता मला रडू आलं. त्यांच्यासमोर मी त्याआधी कधी रडले नव्हते. कोणी त्याकडे पाहिलं नाही. सगळे हात धुवायला गेले. दोनदा, साबणाने.

साहेबांना सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी विचारलं, "तेल आत गेलंय हे नक्की का?"

"ते माहीत नाही. बोट लागलं हे नक्की."

"म्हणजे कदाचित काही झालंही नसेल."

"कदाचित."

त्यांनी घड्याळ पाहिलं. बाहेरच्या कंपनीला बोलवू का, असं विचारलं. मी म्हणाले, "सहा म्हणजे सहा. आम्हाला करू द्या." ते म्हणाले की शब्द शब्दच राहील, सवलत मिळणार नाही. मी सवलत मागितलीच नव्हती, आणि तसं सांगून आले.

काढायचं काम इतकं गुमान होताना मी कधी पाहिलं नाही. एरवी बडबडणारी माणसं, पण आता फक्त हत्याराचं नाव ऐकू यायचं आणि हत्यार हातात पडायचं. साडेपाचच्या आत सील बाहेर आलं. आम्ही टेबलावर पांढरा कोरा कागद अंथरला आणि ते भोक खाली येईल असं सील कलतं धरलं. सातही जण वाकून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. साहेबही मागे येऊन उभे राहिले होते आणि माझ्या मनात आलं, एवढा खटाटोप फुकट गेला. तेवढ्यात भोकाच्या काठाशी काहीतरी जमलं, लोंबलं आणि कागदावर पडलं. पिवळा थेंब, तुरीच्या डाळीएवढा.

"आलं," मोशीचा फिटर म्हणाला.

त्या थेंबाचा मला झालेला आनंद मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. चूक खरी निघाली म्हणून कोणी टाळ्या वाजवतं का? आम्ही वाजवल्या. साहेबांनी तो कागद उचलून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी किती वाजता सुरू करताय?" मी म्हणाले, "सातला." ते म्हणाले, "सहाला गेट उघडायला सांगतो."

आमच्याकडे एकच जादा सील होतं. शुक्रवारी सकाळी ते खोक्यातून काढलं. हात लावण्याआधी मोशीच्या फिटरने माझा उजवा हात धरला आणि काही न बोलता माझ्या पहिल्या बोटाला वायरिंगची लाल टेप गुंडाळली, पार पेरापर्यंत. "राहू दे तेवढं," तो म्हणाला. मी राहू दिलं. त्या लाल बोटाने मी दिवसभर काम केलं आणि सगळ्यांनी ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सील बसलं, बेअरिंग बसलं, गाद्यांचं अंतर पुन्हा मोजलं. बेअरिंगला बोट लावलं, पण ते सहाच जणांनी. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. मग पाइप जोडला आणि स्वच्छ गॅस सोडला. चार वाजून गेले होते.

मशीन सुरू करताना आमच्या कंट्रोल रूममध्ये एक गंमत असायची. वेग वाढत जाताना मध्ये एक टप्पा येतो, तिथे शाफ्ट अंगात आल्यासारखा थरथरायचा. खिडकीच्या फळीवर चहाचे काचेचे ग्लास असतात. त्या टप्प्यावर ते खणखणत पुढे सरकायचे आणि दोघे तिघे जण न सांगता जाऊन ते धरून ठेवायचे. बरेच ग्लास फुटल्याशिवाय आम्ही ते शिकलो नव्हतो. त्या दिवशीही बटण दाबल्यावर लातूरचा फिटर आणि आणखी दोघे आपसूक फळीकडे गेले आणि ग्लासांवर हात ठेवून उभे राहिले. वेग चढायला लागला. काटा त्या टप्प्याला आला. पुढे गेला. आणखी पुढे गेला. ते तिघे ग्लास धरूनच उभे.

"सोडा की ते," मी म्हणाले.

लातूरच्या फिटरने एक हात काढला. मग दुसरा. ग्लास जागेवर होते. एकात कोणाचा तरी अर्धा चहा उरला होता आणि त्याच्यावरची सायसुद्धा हलत नव्हती. "आयला," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला मी भाषेवरून बोलले नाही.

सीलमधून किती गॅस सुटतो ते दाखवणारी रेष पडद्यावर एकदा वर उठली, स्थिरावली आणि मग जिथे असायला हवी तिथे सरळ चालत राहिली. सहाला दहा मिनिटं कमी असताना लाइनमध्ये गॅस गेला. साहेबांनी खाली येऊन प्रत्येकाशी हात मिळवला. माझ्या लाल बोटाकडे त्यांनी पाहिलं, पण विचारलं नाही. मी भरून पावले. घरी जाताना बसमध्ये मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं की आज आमचं मशीन थरथरलं नाही. तिने माझ्यापासून जरा सरकून घेतलं.

ट्रेमध्ये आम्ही पांढरा कागद अंथरून ठेवला होता. सोमवारी येऊन पाहिला तर त्यावर फक्त धूळ. महिन्याभराने गिअरच्या कारखान्याने पुन्हा एक खोकं पाठवलं. उघडताना माझी पाचावर धारण बसली. आत एक चाक होतं, लखलखीत, एकही डाग नाही. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. साहेबांनी जुनं चाक उचलून त्याच्या जागी हे ठेवलं आणि मला बोलावून दोन आणि तीन नंबरच्या तारखा विचारल्या.

दोन नंबरच्या वेळी बोट लावायची रीत बंद करावी, असं मी म्हणून पाहिलं. सेक्शनने एकमुखाने नाही म्हटलं. लातूरच्या फिटरने तोडगा काढला. बेअरिंगचं तेल एकाच माणसाने पळीने घालावं, आणि बोट सगळ्यांनी लावावं, पण कोरडं. मला ते पटलं. त्या दिवशी मी मिस्त्रींना काळेवाडीहून मुद्दाम बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. आधी एक नंबरकडे गेले, ट्रेपाशी गुडघ्यावर हात टेकून वाकले, आतून हात फिरवला आणि हाताकडे बघत राहिले. "एवढी वर्षं उपसला मी हा," ते म्हणाले.

मग दोन नंबरपाशी सगळे रांगेत उभे राहिले, धाकटा पुढे, मोठे मागे. प्रत्येक जण चिंधीला बोट पुसायचा, मला वर करून दाखवायचा आणि मगच बेअरिंगला लावायचा. मी एकेक बोट नीट तपासत होते, डोळे बारीक करून, रुबाबात. मिस्त्री आता सगळ्यात मोठे, म्हणून शेवटी ते. त्यांनीही बोट शर्टाला पुसून दाखवलं, लावलं आणि माझ्याकडे वळले.

"आणि तुझं गो?"

मिस्त्रींना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी मोशीच्या फिटरकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. मी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. सहा जण आणि मिस्त्री, सगळे पुढे झाले, वाकले आणि ते बोट वरून, खालून, नखाच्या कडेने पाहायला लागले. साहेब दारातून आत आले होते, तेही वाकले.

"कोरडं हाय," मोशीचा फिटर म्हणाला. "लावा, ताई."